गेरूच्या खुणा आणि नववा माळा

शाळेत स्काउट मास्तर म्हणून माझी निवड झाली ती गुणवत्तेवर नाही, मापावर. आधीचे सर निवृत्त होताना आपला गणवेश कपाटात सोडून गेले होते. करडा शर्ट, निळी पँट, टोपी, स्कार्फ, सगळं इस्त्री करून. तो गणवेश स्टाफरूममध्ये एकेकाच्या अंगाला लावून पाहिला गेला. विज्ञानाच्या सरांना पोटावर बसेना, पीटीच्या सरांना खांद्यात शिरेना. मला मात्र असा बसला, की शिंप्याने मला समोर उभं करूनच शिवला असावा. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं तर मग."

मी गणित शिकवतो. दोर, तंबू, शेकोटी यांच्याशी माझा संबंध वाण्याच्या पुडीला बांधलेल्या सुतळीपुरता होता. पण मला आत्मविश्वासाची कमतरता कधीच पडलेली नाही. ती इतरांना पडते, मी काही करायला घेतलं की.

पहिल्याच शनिवारी मी ठरवलं की मुलांना भाषण द्यायचं नाही, थेट थरार द्यायचा. कंबरेभोवती बांधायची एक गाठ असते, माणसाला दरीतून वर ओढायला वापरतात ती. ती कितीही ताण दिला तरी सरकत नाही. मोबाइलवर बघून बघून मी ती आमच्या सोफ्याच्या हातावर पक्की केली होती. मैदानात मी दोराचं एक टोक बास्केटबॉलच्या खांबाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि मुलांना म्हणालो, "ओढा!" मुलांनी ओढलं. सर्वशक्तीनिशी ओढलं. गणित शिकवणाऱ्या माणसाला ओढायची संधी कोण सोडतो? गाठ सरकली नाही. आणि मग सुटलीही नाही. घंटा झाली, मुलं पांगली, मी खांबाशी उभा. आठवीतली एक मुलगी तेवढी मागे राहिली. तिने गाठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "सर, तुम्ही इथेच थांबा हां. मी कोणाला तरी बोलावते."

इथेच थांबा म्हणे!

ही मुलगी आमच्या पथकाची संघनायिका. खरं तर स्काउट मुलांचं आणि गाइड मुलींचं, अशी दोन वेगळी पथकं असतात. पण आमच्याकडे दोन्ही मिळून जेमतेम एक होत होतं, म्हणून सगळा कारभार एकत्र. तिला राज्य पुरस्काराच्या शिबिराला जायचं होतं. त्याच्या आधीच्या सगळ्या परीक्षा तिने दिल्या होत्या, खांद्यावर पट्ट्या मिळवल्या होत्या, आणि आता शिबिरापर्यंत शाळेत पथक जिवंत राहणं एवढीच काय ती अट उरली होती. आणि ते पथक सापडलं होतं माझ्या हातात.

दुसरा प्रयोग होता बिनभांड्यांचा स्वयंपाक. बटाट्याला ओल्या मातीचं लिंपण करायचं, निखाऱ्यात ठेवायचं, वर अर्ध्या संत्र्याच्या सालीत अंडं शिजवायचं. वाचायला इतकं सोपं वाटतं की रोज घरी तसंच का करत नाही, असा मी बायकोला प्रश्नही विचारून पाहिला. तिने मला पोळपाट दाखवला. मैदानात लाकडं निघाली ओली. त्यातून जो धूर उठला, तो शाळेलगतच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यापर्यंत गेला, आणि मग घंटा वाजवत बंब आला. बंबावरचा माणूस खाली उतरून म्हणाला, "आग कुठाय?" मी म्हणालो, "लागतच नाहीये हो, तोच तर प्रॉब्लेम आहे."

त्याच्या पुढच्या शनिवारी मुलांची गर्दी झाली. मी मनात खूश. मग एकाने विचारलं, "सर, आज पण बंब येणार का?" नाही म्हटल्यावर गर्दी ओसरली, आणि ओसरतच गेली. घाटकोपरच्या मुलाला शनिवारी दुपारी शंभर उद्योग असतात. शिकवणी असते, टर्फवर क्रिकेट असतं, मोबाइल तर असतोच. शाळेच्या मागच्या बैठ्या चाळीतली मुलं तर केव्हाच गळाली. ती वर्गात माझ्यासमोर बसायची, मला चिडवायची, आणि शनिवारी माझ्या डोळ्यांदेखत बॅट घेऊन गेटबाहेर पडायची.

मग मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, रोबोट बनवायला शिकवणारा एक क्लास आहे. त्यांना शनिवारचे शेवटचे तास हवेत. आपल्या शाळेत फुकट शिकवणार आहेत. पालक माझ्या मागे लागलेत."

"बाई, मग स्काउट?"

"मुलं येतात का स्काउटला? आपणहून येतात का, ते सांगा. तुम्ही हजेरी लावून बसवता ती सोडून." बाई काही दुष्ट नाहीत. उलट फार सरळ आहेत, आणि सरळ माणसाशी वाद घालणं फार कठीण जातं. "या शनिवारी मी स्वतः येऊन बघते. मुलांना त्यात रस आहे असं दिसलं तर ठेवू. नाहीतर या सत्रापासून बंद करू."

बाहेर संघनायिका उभी होती. दाराला कान लावून नव्हे, पण फार लांबही नाही.

"सर, वाट लागली ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे प्लॅन आहे."

"मागच्या वेळी पण होता." तिने जरा दम घेतला. "सर, रागावू नका. तुम्ही आम्हाला एका जागी बसवून काहीतरी दाखवता. आम्हाला बघायचं नाहीये, सर. आम्हाला पळायचंय, शोधायचंय. बाहेर जायचंय. माग काढायचा खेळ घ्या ना."

मागाचा खेळ म्हणजे खुणांचा. एक जण पुढे जाऊन रस्त्यात खुणा ठेवतो, बाकीचे त्या वाचत वाचत त्याला गाठतात. बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे इकडे येऊ नका. चौकोनात आकडा असेल तर तिथून तितक्या पावलांवर चिठ्ठी लपवलेली आहे. आणि वर्तुळ काढून मधोमध टिंब दिलं, तर खेळ संपला, मी घरी गेलो. हे सगळं मी पथकाला फळ्यावर शिकवलेलं होतं. प्रत्यक्षात एकदाच करून बघितलं होतं, खडूने. त्या दिवशी शाळेच्या सफाईवाल्या बायकांनी अंगण धुतलं आणि खुणाही धुऊन गेल्या. एकच बाण उरला, तो उसाच्या रसाच्या गाडीकडे बोट दाखवत होता. माझं पथक अख्खी दुपार तिथे माग काढत बसलं.

म्हणून या वेळी मी गेरू घेतला. बायकोने विचारलं, "गेरू कशाला? कुंड्या रंगवतोयस?"

"खुणा करायच्यात. शाळेच्या मागच्या चाळीत."

"लोकांच्या भिंतींवर? विचारलंस का कोणाला?"

"अगं, गेरू आहे, ऑइलपेंट नाही. आणि सांगितलं तर गुपित कसं राहील?"

तिने जास्त वाद घातला नाही. बेसनाचे लाडू केले होते, ते एका स्टीलच्या डब्यात भरून दिले. हा आमचा खजिना.

शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी चाळीत शिरलो. पूर्ण गणवेशात. टोपी, स्कार्फ, शिट्टी, सगळं. खेळ म्हटला की वातावरण हवं, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे. एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्यात ब्रश. चौकोनातला आकडा बरोबर यावा म्हणून मी एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मोठ्याने पावलं मोजत होतो. मध्येच थांबून भिंतीकडे डोळे बारीक करून बघत होतो.

त्याच आठवड्यात चाळीत पुनर्विकासाची मीटिंग झाली होती, एक बिल्डर येऊन गेला होता, आणि "लवकरच सर्व्हे होईल, कोण पात्र कोण अपात्र ते तेव्हा ठरेल" असं सांगून गेला होता, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी ब्रश खाली ठेवला असता का, याची खात्री नाही.

नळावर पाणी भरणारी एक बाई म्हणाली, "साहेब, हे काय चाललंय?"

मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. "उद्या कळेल."

तिने हंडा भरायचा सोडला आणि ती घरात गेली.

पुढे एक मालवणी आजी उंबऱ्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांच्या दाराशेजारी मी ऐटीत चौकोन काढला, आत नऊ लिहिला.

"ह्या नऊ कित्याक रे बाबा?"

"गुपित आहे आजी. पण चांगलं आहे."

मग मी बंद गल्लीच्या तोंडाशी आलो. तिथलं पहिलं दार चाळ कमिटीच्या सेक्रेटरींचं. ते स्वतः भाजीची पिशवी घेऊन समोर उभे. गृहस्थ मोठे कार्यकर्ते. पुनर्विकास व्हावा म्हणून सगळ्यात जास्त तेच झगडत होते, हे मला नंतर समजलं.

"साहेब, आमचं काय?" त्यांनी विचारलं.

मुलं या गल्लीत शिरली तर उगाच वेळ जाईल, म्हणून मी त्यांच्या दाराशेजारी एक दणदणीत फुली मारली. "इकडे काही नाही," मी म्हणालो. "इकडे कोणी यायचं नाही. बाद!"

त्यांचा चेहरा उतरला. पिशवी जड असेल, असं मला वाटलं.

शेवटी चाळीच्या टोकाला समाजमंदिराच्या मागच्या भिंतीवर मी ते वर्तुळ काढलं, मध्ये टिंब दिलं, जवळच्या पायरीखाली लाडवांचा डबा सरकवला, आणि शीळ घालत घरी आलो. इतका व्यवस्थित प्लॅन मी आयुष्यात केला नव्हता.

शनिवारी मोठ्या बाई खरोखरच आल्या. मी त्यांना थेट समाजमंदिराशी घेऊन गेलो. "बाई, मुलं चाळीच्या त्या टोकाने आत शिरलीत. खुणा वाचत इथे पोचतील. आपण बघत राहायचं फक्त."

आम्ही बघत राहिलो. कोणी येईना. बाईंनी घड्याळ बघितलं. मी आकाश बघितलं. बराच वेळ गेल्यावर एक मुलगा आला. त्याच्या हातात शिऱ्याची ताटली. तो खात खात आमच्या समोरून शांतपणे पुढच्या दारात शिरला. मग एक मुलगी आली, तिच्या हातात कोणाचं तरी रेशनकार्ड.

"अरे, हे काय?" मी ओरडलो. तेवढ्यात संघनायिका धावत आली, घामाघूम.

"सर, तुम्ही नक्की किती घरी गेलात?"

"म्हणजे?"

"सर, प्रत्येक दारावर वर्तुळ आहे. टिंबासकट. खेळ संपला, मी घरी गेलो. मग आम्ही काय करणार? सगळ्या दारांवर जाऊन विचारतोय, सर इथे आलेत का? तर लोक म्हणतात, साहेब अजून यायचेत, तुम्ही बसा, आणि आम्हाला आत घेऊन लाइटबिलं दाखवतात."

मी वळून चाळीकडे नीट पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं. रात्रीत चाळीने माझ्या खुणांचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. फुली म्हणजे अपात्र. मग समाजमंदिरावरचं वर्तुळ म्हणजे पात्र, उघडच आहे. कोणीतरी शेजाऱ्याच्या नकळत आपल्या दारावर वर्तुळ काढलं, शेजाऱ्याने ते बघून आपल्या दारावर काढलं, आणि सकाळपर्यंत सगळ्या चाळीवर वर्तुळंच वर्तुळं. माझे बाण कोणी पुसले होते, कोणी आपल्या दाराकडे वळवून घेतले होते. गेरू काय, दिवाळीच्या रांगोळीसाठी घरोघरी असतोच.

"सर," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे तुम्ही योजलेलं आहे?"

"थोडंफार, बाई."

तोपर्यंत लोक जमले होते. पुढे सेक्रेटरी. त्यांच्या हातात फाइल होती.

"साहेब, कालचं राहू द्या. सगळी कागदपत्रं आणलीत. माझी खोली माझ्या वडिलांच्या नावावर, मग माझ्या. एकदा बघा तरी. मी अपात्र कसा?"

आजी काठी टेकत आल्या. "आणि माका नववो माळो नको हां, आधीच सांगतंय. लिफ्ट बंद पडली तर मी चढतलंय कशी? माका खालचो देवा."

"हिला नववा मिळाला, तरी रडते!" मागून कोणीतरी म्हणालं. "आम्हाला नुसतं वर्तुळ. आमचा मजला कितवा?"

अशा वेळी माणसाने सरळ बोलावं. मी टोपी काढली. "मी साहेब नाही. मी या शाळेत गणित शिकवतो. हा स्काउटचा खेळ आहे. नऊ म्हणजे तिथून नऊ पावलांवर चिठ्ठी आहे. फुली म्हणजे मुलांनी त्या गल्लीत जायचं नाही, एवढंच."

कोणाचा विश्वास बसेना. मग संघनायिका पुढे झाली आणि तिने एकेक खूण बोटाने जमिनीवर काढून, तिचा अर्थ सांगून दाखवला. वर्तुळाशी आल्यावर म्हणाली, "याचा अर्थ, मी घरी गेलो."

"मग बरोबरच असा," आजी म्हणाल्या. "मी घराकच असंय."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरींचा चेहरा लाल झाला होता. "सर, काल माझ्या घरात कोणी जेवलं नाही, ठाऊक आहे? माझी मुलगी विचारत होती, आता आपण कुठे जायचं. आणि तुमचा खेळ?"

मी हात जोडले, चूक झाली म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

मोठ्या बाईंनी सूत्रं हातात घेतली. "सगळ्या भिंती आमची मुलं आत्ता धुऊन देतील. सरसुद्धा धुतील. आणि सर, आपण सोमवारी बोलू."

सोमवारी बोलू म्हणजे काय, ते मला कळलं. संघनायिकेलाही कळलं. तिने खांद्यावरच्या पट्ट्यांवरून उगाच हात फिरवला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती बाईंकडे वळली.

"बाई, धुतो आम्ही. पण खेळ संपलेला नाही. डबा अजून सापडला नाहीये."

"कसला डबा?"

"खजिन्याचा. खऱ्या वर्तुळाजवळ आहे. एक खरं, बाकीची खोटी. आम्ही खोटी ओळखून तेवढीच धुणार. खरं सापडेपर्यंत. हे माग काढणंच आहे ना, बाई? उलट हे जास्त कठीण आहे." मग माझ्याकडे बघून, दटावत, "सर, तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि कुठेही बघायचं नाही."

मी बुटांकडे बघत उभा राहिलो.

"पण ओळखणार कसं?" एका मुलाने विचारलं.

"सरांचं वर्तुळ ओळखता येत नाही तुला? रोज फळ्यावर बघतोस ना?"

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी भूमिती शिकवतो, त्रिज्या, व्यास, परीघ तोंडपाठ आहेत, पण मला हाताने वर्तुळ काढता येत नाही. कंपास नसेल तर माझ्या हातून जे निघतं त्याला एका बाजूला टेंगूळ येतं आणि दुसरी बाजू बसते. वर्गात त्याला नाव पडलेलं आहे. आणि गळालेली ती चाळीतली मुलं, जी इतका वेळ दारादारांतून हा तमाशा बघत होती, ती सगळी माझ्याच वर्गातली. त्यांच्यातला एक बॅटवाला एकदम ओरडला:

"बटाटा! सरांचा बटाटा शोधायचाय!"

मग जे सुरू झालं त्याला आवर नव्हता. स्कार्फवाली मुलं, बिनस्कार्फवाली मुलं, बादल्या, फडकी, चाळभर एकच आरडाओरडा. "हा बघ, हा गोल आहे, खोटा! धू!" "याचं टिंब मधोमध आहे, सरांचं मधोमध येतच नाही! धू!" "हा खालीच काढलाय, सर एवढे वाकत नाहीत, पँट फाटेल. धू!" शेवटच्या वाक्यावर मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मी तो आवाज ओळखून ठेवला आहे. तो सहावीत आहे.

मुलं उंची बघत होती, ब्रशची रुंदी बघत होती, गेरूचा रंग नखाने खरवडून बघत होती. मी गेरूत पाणी जास्त घातलं होतं म्हणे, त्यामुळे माझे ओघळ आले होते. अर्ध्या तासात त्यांना मी असा वाचता आला की मला अवघडल्यासारखं झालं. आणि चाळीतली माणसंही हळूहळू ओढली गेली. आपलं वर्तुळ खोटं ठरलं की कोणी खट्टू होईना, उलट मान वर करून म्हणे, "बघ, किती गोल काढलंय!"

सेक्रेटरींच्या दाराशी घोळका थांबला. त्यांनी माझी फुली पुसली नव्हती. तिच्याभोवती एक भलंमोठं, निर्दोष वर्तुळ काढलं होतं. बैलगाडीच्या चाकासारखं दिसत होतं.

"हे चिन्ह आम्हाला शिकवलेलं नाही," संघनायिका गंभीरपणे म्हणाली. "पण हे सरांचं असूच शकत नाही. केवढं गोल आहे!"

सेक्रेटरी काही क्षण कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "गोल असणारच," ते म्हणाले. "ताट उपडं ठेवून काढलंय."

"सर, ऐका!" बॅटवाला म्हणाला. "ताट ठेवायचं!"

आधी आजी हसल्या, मग सेक्रेटरी, मग सगळी चाळ. सेक्रेटरींनी स्वतः आतून बादली आणली आणि माझ्या हातात फडकं दिलं. "फुली तुम्ही पुसा, सर. ती तुमची आहे. चाक मी पुसतो." आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून त्यांची भिंत घासत होतो तेव्हा समाजमंदिराच्या मागून एक किंकाळी आली.

"सापडला बटाटा!"

डबा उघडला. लाडू पथकापुरते होते आणि मुलं चाळभर. संघनायिकेने पायरीवर बसून प्रत्येक लाडवाचे तुकडे केले आणि आधी चाळीतल्या मुलांना दिले, मग आपल्या पथकाला. सेक्रेटरींच्या मुलीला एक अख्खा. मोठ्या बाईंच्या वाट्याला चिमूटभर भुगा आला. त्यांनी तो खाल्ला.

परतताना आमच्या मागे ओल्या, गेरूने माखलेल्या मुलांची रांग होती, आणि त्या रांगेत बॅटवालेही होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. शाळेच्या गेटपाशी बाई थांबल्या, वळल्या आणि त्या रांगेकडे बघत राहिल्या.

"सर, पुढच्या शनिवारी काय आहे?"

माझ्याकडे पुढच्या शनिवारी काहीही नव्हतं. "पूल!" मी म्हणालो. "दोरांचा पूल बांधणार आहोत, बाई. मैदानात."

मागून संघनायिकेचा आवाज आला, "सर, या वेळी गाठी मी मारते. तुम्ही फक्त उभे राहा. खांबापासून लांब."

बाईंनी मान हलवली. "रोबोटवाल्यांना मी बुधवार देते," त्या म्हणाल्या. "आणि सर, यापुढे कोणाच्या भिंतीला हात लावण्याआधी त्या घरात जाऊन चहा प्यायचा. विचारून यायचं."

ती अट मी पाळतो. त्यामुळे चाळीत माझा इतका चहा होतो की शुक्रवारी रात्री झोप लागत नाही. बॅटवाल्यांपैकी निम्मे टिकले. उरलेले फक्त खेळ चाळीत असला की येतात, मी त्यांनाही चालवून घेतो. सेक्रेटरी प्रत्येक खेळाचा प्लॅन आधी तपासून देतात, आणि त्यात मला न सुचलेल्या खोड्या घालतात. संघनायिका शिबिराला गेली. तिथे माग काढण्याच्या परीक्षेत तिला विचारलं, सराव कुठे केलास? ती म्हणाली, आमच्या सरांवर.

सगळ्या खुणा त्या दिवशी धुऊन निघाल्या, एक सोडून. आजींनी आपला चौकोन कोणालाही पुसू दिला नाही. मी फडकं घेऊन गेलो तर काठी आडवी घातली.

"ऱ्हवांदे मेल्या. खरो सर्व्हेवालो येतलो तेव्हा तोय जरा डोक्या खाजवूंदे."

नऊचा आकडा अजून तिथे आहे. नीट पाहिलं तर तोही जरा एका बाजूला कललेला आहे.